समजल्याशिवाय अंगठा नको

आजचा विषय ऐकताना जीव घाबरा होतो. पण ज्या घरावर ही वेळ येते, त्या घरात त्या दिवशी ऐकून घ्यायला कुणी भानावर नसतं. म्हणून आजच, हातातलं निवडणं-टिपणं चालू असताना, ऐकून ठेवू या.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरकडे जाणारा महामार्ग आणि हिंगोलीकडून नांदेड, देगलूर करत तेलंगणात जाणारा महामार्ग, दोन्ही आपल्या शिवारातून जातात. त्यांवर रात्रंदिवस ट्रक धावतात. बाजाराला निघालेला, कामावरून परतणारा, कडेने चालणारा माणूस ट्रकखाली येतो. घरात आकांत चालू असतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी ओळखीचं येऊन म्हणतं, "मालक माणूस चांगला आहे. पन्नास हजार देतो म्हणतो. उगीच कोर्टकचेरी कशाला? इथं अंगठा द्या." भाऊबंद मान डोलावतात. जिचं कुंकू पुसलं गेलं तिला कुणी विचारतही नाही.

आम्हाला आज मुख्य सांगायचं ते एवढंच की, समजल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. का नाही, ते आता पायरीपायरीने पाहू.

पहिले काही दिवस: कागद

पोलिसांत खबर द्या. गुन्हा नोंदला की एफआयआरची नक्कल खबर देणाराला फुकट मिळते, ती मागून घ्या. त्यात ट्रकचा पूर्ण नंबर, वेळ, ठिकाण आणि अपघात कसा झाला हे नीट लिहिलंय का, ते कुणाकडून तरी वाचून घ्या. मेलेला माणूस बोलू शकत नाही. त्यामुळे कधी कधी सगळा दोष त्याच्याच दुचाकीवर ढकलला जातो. कुणी पाहणारा असेल तर त्याचं नाव आणि फोन नंबर लगेच लिहून घ्या आणि त्याचा जबाब नोंदवायला लावा.

शवविच्छेदन टाळू नका. "देहाची विटंबना नको" असं घरचे म्हणतात, त्यांचं दुःख आम्हाला कळतं. पण मरण अपघातानेच आलं, हे सांगणारा सगळ्यात पक्का कागद तोच. माणूस नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात आठ दिवसांनी गेला, तरीही शवविच्छेदन व्हायलाच हवं.

एक पिशवी करा आणि ती घरच्या बाईच्याच हाती ठेवा. त्यात एफआयआर, जागेचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, दवाखान्याची बिलं ठेवा. ट्रकचं आरसी, विमा, परमिट आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या नकला पोलिसांकडून घ्या. गाडीचा विमा चालू आहे का, हे नंबर टाकून एम-परिवहन ॲपवरही दिसतं. गावातल्या शिकलेल्या पोरीला सांगा, ती दोन मिनिटांत बघून देईल.

नियमाप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. पण त्याच्या भरवशावर बसू नका. ठाण्यात जाऊन "आमचा अहवाल गेला का?" असं विचारत राहा.

दोन खटले, दोन वाटा

इथं बऱ्याच जणींचा घोटाळा होतो. ड्रायव्हरवरचा गुन्हा वेगळा आणि आपली भरपाई वेगळी.

निष्काळजीपणाने मरण आणल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली लागतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तो खटला सरकार चालवतं आणि हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. म्हणजे "केस मागं घेतो" म्हणून कुणी पैसे देऊ केले, तर ते बोलणंच पोकळ आहे. ड्रायव्हर पुढं निर्दोष सुटला, तरी भरपाईचा हक्क आपोआप जात नाही. तिथं पुरावा तोलायची रीत वेगळी आहे.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. आपल्याकडे लोक त्याला 'क्लेम टाकणं' म्हणतात. हे काम जिल्हा न्यायालयात चालतं. अपघात जिथं झाला तिथंच जायला हवं, असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. मुखेडचा माणूस निजामाबादकडे गेला, जळकोटचा ऊस तोडायला कोल्हापूरकडे गेला, तरी त्याच्या बायकोला नांदेडला किंवा लातूरला अर्ज करता येतो. फक्त तिकडच्या पोलिसांचे कागद आठवणीने आणायचे.

मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. तेरावं, महिनाघाल, सणवार म्हणता म्हणता ती निघून जाते. आणि उशीर झालाच असेल, तर "आता काही होत नाही" म्हणून घरी बसू नका. आधी वकिलाला विचारा.

पाच लाख घ्यायचे की पूर्ण दावा लावायचा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख रुपये ठरलेले आहेत. चूक कुणाची, हे तिथं सिद्ध करावं लागत नाही. दुसरी वाट कलम १६६ ची. तिथं ट्रकवाल्याची चूक दाखवावी लागते, पण मिळणारी रक्कम माणसाच्या वयावर, कमाईवर आणि त्याच्यावर किती जण अवलंबून होते यावर ठरते.

विमा कंपनीचा माणूस पाच लाखांचा देकार घेऊन येतो. तो घेतला की १६६ चा दावा संपतो. म्हणून सही करण्याआधी हिशेब मांडा.

समजा, चौतीस वर्षांचा मजूर गेला. महिन्याला ९,००० रुपये कमावत होता. घरी बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली रीत अशी: चाळिशीच्या आतल्या मजुराची किंवा स्वतःचा धंदा करणाऱ्याची कमाई पुढं वाढली असती, म्हणून तीत ४० टक्के मिळवायचे. झाले १२,६००. तो स्वतःवर खर्च करत असेल तो चौथा हिस्सा वजा करायचा, कारण अवलंबून असलेले चार जण आहेत. उरले ९,४५०. वर्षाचे १,१३,४००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक १६ आहे. गुणाकार केला की १८,१४,४०० रुपये होतात. त्यावर अंत्यविधीचा खर्च, सहवास गमावल्याची भरपाई आणि अर्ज केल्या दिवसापासूनचं व्याज वेगळं.

आता पन्नास हजार कुठं आणि अठरा लाख कुठं, ते तुम्हीच बघा.

पण आम्ही एकच बाजू सांगणार नाही. चूक आपल्याच माणसाची असेल, पाहणारा कुणी नसेल, किंवा गेलेला माणूस सत्तरीचा असेल, तर पूर्ण दावा लावूनही पाच लाखांपेक्षा कमी मिळू शकतं. तेव्हा पाच लाख घेणं शहाणपणाचं ठरेल. थोडी चूक दोन्हीकडून असेल, तर दावा बुडत नाही, आपल्या चुकीएवढी रक्कम कमी होते.

"पगाराची पावती कुठंय?"

मजुराला पावती कोण देतं? पण रोजगार हमीचं जॉबकार्ड, मुकादमाकडची उचलीची नोंद, दूध डेअरीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, सातबारा, हे सगळं कामाला येतं. यातलं काहीच नसेल, तरी किमान वेतन धरून न्यायाधिकरण कमाई ठरवू शकतं. "शेत तर जागेवरच आहे, नुकसान कसलं?" असं विचारलं जातं. शेत जागेवर असतं, ते कसणारे हात गेलेले असतात. ते नुकसानही मोजलं जातं.

आणि घरची बाईच गेली तर? तिची कमाई शून्य धरायची नाही. स्वयंपाक, पाणी, गुरंढोरं, लेकरं, म्हातारी माणसं, या कामाला मोल आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही ठासून सांगितलं आहे. तिच्यासाठीही दावा लावा.

अर्जात बायको, मुलं, मुली आणि आईबाप, सगळ्यांची नावं घाला. एकाच अर्जात सगळे आले की पुढची भांडणं टळतात. विधवेने दुसरं लग्न केलं म्हणून तिचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. सासरच्यांनी दटावलं, तर हे त्यांना सांगा.

अडचणीच्या जागा

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर तहसीलदाराकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पुढं ट्रक सापडला, तर दावा लावता येतो. मग हे दोन लाख त्यातून वळते होतात.

ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं म्हणून विमा कंपनीने हात वर केले, तर घाबरू नका. अशा प्रकरणांत "आधी वारसांना द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश न्यायालयं देतात. ट्रकला विमाच नसेल, तर मालक जबाबदार असतो. मग मालकाकडून तारण घेतल्याशिवाय ट्रक सोडू नये, असा अर्ज वकिलामार्फत लवकर करा.

मालट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत बसून जाणं आपल्याकडे रोजचं आहे. पण ज्याचा त्या मालाशी संबंध नाही, अशा फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलंय. मालाचा धनी सोबत असेल तर गोष्ट वेगळी. त्याच गाडीवरचा ड्रायव्हर, क्लीनर किंवा हमाल कामावर असताना गेला, तर कामगारांच्या भरपाईच्या कायद्याची वाट आहे. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. अशा वेळी सरकार जी मदत जाहीर करतं ती मदत असते. ती मिळाली म्हणून कायद्याने मिळणारी भरपाई मागायचं थांबू नका.

वकील आणि पैसा

"वकिलाला द्यायला पैसा कुठून आणू?" बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी कमाईची अट नाही. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला विधी सेवा समिती आहे. १५१०० या नंबरावर फोन करा. खासगी वकील लावला, तर फी आधी ठरवा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका.

राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड लवकर होते. पण तिथं मान्य केल्यावर अपील नाही, म्हणून घरचा हिशेब मांडूनच होकार द्या. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही, तर नव्वद दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपील होतं.

आपल्या एकटीच्या नावाचं बँक खातं हवं. रक्कम आली की न्यायाधिकरण बऱ्याचदा तिचा काही भाग बायकोच्या आणि अज्ञान मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकायला सांगतं. त्यावर नाराज होऊ नका. दारात उभ्या राहणाऱ्या उसनवारीवाल्यांपासून तोच पैसा वाचतो.

शेवटचं, बचत गटासाठी. येत्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक काढा. वर्षाला २० रुपये कापणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घरातल्या कमावत्या माणसाच्या खात्यावर चालू आहे का, ते बघा. अपघाती मृत्यूला तिचे दोन लाख मिळतात, पण महिन्याच्या आत बँकेला कळवावं लागतं. घरी शेती असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी कार्यालयातही लगेच विचारा.

आणि गटातल्या कुणावर अशी वेळ आलीच, तर भाकरी घेऊन जाताना आणखी एक काम करा. दोघी जणी ठरवून घ्या. एकीने कागदाची पिशवी सांभाळायची. दुसरीने तिच्याशेजारी बसायचं आणि कुणी कागद पुढं केला, तर म्हणायचं, "आज नाही. आधी वाचून दाखवा."