डोंगरवाटांचे संरक्षण
डोंगरवाटांचे संरक्षण : पदभ्रमणासाठी वापरल्या जाणाऱ्या डोंगराळ पायवाटांची झीज, मृदेची धूप आणि वाटेलगतच्या वनस्पतींचा नाश रोखण्यासाठी योजावयाच्या उपायांना ही संज्ञा लावतात. गुरांच्या, लाकूडफाट्याच्या व व्यापाराच्या वाटा डोंगरांत पूर्वापार आहेत. तथापि केवळ हौसेखातर डोंगर चढणाऱ्यांची संख्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगाने वाढली आणि त्याबरोबर हा प्रश्न पुढे आला. वापरातील वाट झिजणारच. संरक्षणाचा खरा हेतू ती झीज वाटेच्या रुंदीपुरती मर्यादित ठेवणे हा असतो.

हानीचे स्वरूप : पायाखाली प्रथम वनस्पती चिरडतात, नंतर मृदेचे कण दाबले जाऊन त्यांतील रंध्रे बुजतात. अशा घट्ट झालेल्या मृदेत पाणी मुरत नाही व बीही सहसा रुजत नाही. हानी चालणाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात सरळ वाढत जाते, ही सर्वसाधारण समजूत मात्र बरोबर नाही. डेव्हिड कोल व नील बेफील्ड या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अशा प्रयोगांची एक प्रमाणपद्धत मांडली. तीनुसार अर्धा मीटर रुंदीच्या पट्ट्यांवरून २५, ७५, २०० व ५०० वेळा चालून उरलेले वनस्पतींचे आच्छादन मोजतात. अशा अभ्यासांतून सामान्यतः असे आढळते, की हानीचा मोठा भाग पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होतो. पुढील फेऱ्यांनी तीत तुलनेने अल्प भर पडते. म्हणजेच शंभर माणसे एकाच रुळलेल्या वाटेने गेली, तर फारसे नवे नुकसान होत नाही; तीच माणसे पाच वाटांनी पांगली, तर चार नव्या वाटा उघड्या पडतात.

पाऊल माती मोकळी करते, परंतु ती वाहून नेते पाणी. डोंगराच्या उताराच्या दिशेने सरळ चढणारी वाट पहिल्याच मोठ्या पावसात ओहोळ बनते. ती खोल व निसरडी झाली, की चालणारे काठावरून जाऊ लागतात. काठ ढासळतो आणि वाट रुंदावते. चिखल टाळण्यासाठी बाजूच्या गवतावर पाय देणारा मनुष्य आपणास बेफिकीर समजत नाही. आपले बूट जपण्याची फिकीर त्याला असतेच. नागमोडी वाटेची वळणे तोडून सरळ उतरणारे याहून अधिक हानी करतात, कारण त्यांनी पाडलेली आडवाट नेमकी पाण्याच्या दिशेने जाते.

पेनाइन वे : इंग्लंडमधील ईडेलपासून स्कॉटलंडमधील कर्क येटहोमपर्यंत जाणारा सु. ४३१ किमी. लांबीचा हा पदभ्रमणमार्ग १९६५ मध्ये खुला झाला. त्याचा बराच भाग पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या पाणथळ थरांवरून जातो. औद्योगिक काजळी, वणवे व चराई यांमुळे हे थर आधीच दुबळे झाले होते. पावलांनी ते फाटले आणि दलदल चुकविणाऱ्यांमुळे वाटेला अनेक फाटे फुटले. किंडर स्काउट पठारावरील मूळ मार्ग अखेर सोडून देऊन जेकब्ज लॅडर या दुसऱ्या वाटेने तो नेण्यात आला. पुढे अनेक ठिकाणी लँकाशरमधील बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनींतील फरशा हेलिकॉप्टरने वर नेऊन पीटवर अंथरण्यात आल्या. रानात फरसबंदी काहींना रुचली नाही. परंतु तिच्यामुळे पावले एका ओळीत राहिली व लगतच्या उघड्या पीटवर वनस्पती पुन्हा वाढण्यास वाव मिळाला.

सह्याद्री : येथे गर्दी आणि पाऊस यांचा हंगाम एकच आहे. जून ते सप्टेंबर या काळात मृदा भिजून सैल झालेली असताना कळसूबाई (१,६४६ मी.) व लोकप्रिय किल्ले यांवर मोठी गर्दी लोटते. उतारावरील माती धरून ठेवण्यात कारवीचा मोठा वाटा असतो. ही वनस्पती साधारणपणे सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते व मरते. पुढील पावसाळ्यात उगवणारी तिची कोवळी रोपे नव्या आडवाटांखाली तुडवली गेली, तर तेवढ्या पट्ट्यात पुढची पिढीच राहत नाही. जांभ्याच्या सड्यांवर स्थिती अधिक नाजूक असते, कारण खडकावरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेथील फुले पाहण्यास येणाऱ्यांच्या संख्येवर व प्रवेशावर पुढे नियंत्रण आणावे लागले.

उपाय : वाटेचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा, असा एक संकेत आहे, त्यामुळे पाणी वाटेवरून न धावता ती ओलांडून खाली जाते. जुन्या तीव्र वाटांवर दगडांचे तिरपे आडबांध घालून व चर काढून पाणी ठिकठिकाणी बाहेर काढतात. फार खचलेल्या जागी दगड बसवितात. हा उपाय नवा नाही. सातवाहनकालीन नाणेघाटातील दगडी बांधणी आजही पावसाला तोंड देत आहे. तोडलेली वळणे काटेरी फांद्या वा मोठे दगड टाकून बंद करतात.

नुसत्या पाट्यांचा उपयोग मर्यादित असतो. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक पर्वताच्या माथ्यांवर पर्यटकांशी बोलणारे रक्षक नेमण्याची योजना १९८९ मध्ये सुरू झाली. उघड्या खडकावरूनच चाला, हिरवळीवर पाय देऊ नका, एवढेच ते सकारण सांगतात. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ एडविन केचलेज यांनी त्याआधी उजाड माथ्यांवर गवत पेरून माती धरून ठेवण्याचे प्रयोग केले होते.

या उपायांपैकी कोणताही एकदा करून संपत नाही. आडबांधांमागे पहिल्या काही सरींतच गाळ साचतो. तो पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यातही उपसला नाही, तर पाणी बांधावरून किंवा त्याच्या टोकावरून उडी घेऊन वाटेशेजारी नवी घळ पाडते.