तळणीतली दोन मिनिटं

कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत पोहोचलं की आमच्या गटातली मंडळी आधी धुक्याचे फोटो काढतात. मग कुणीतरी संग्रहालयात शिरतं, सूर्याची थेट प्रतिमा पडलेली बघतं, तिच्यावर एखादा डाग दिसला की बाकीच्यांना हाका मारतं. मी मात्र वाट बघत असतो ती एव्हरशेड हे नाव निघण्याची. जॉन एव्हरशेड १९०७ मध्ये इथे आले. सौरडागांमधून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हे त्यांनी १९०९ मध्ये वर्णपटावरून ओळखलं. आजही त्या वाहण्याला त्यांचंच नाव आहे.

एवढं सांगून झालं की मी हळूच म्हणतो, "हे गृहस्थ कोडाईला येण्याच्या नऊ वर्षं आधी आपल्या तळणीला येऊन गेलेत."

नागपूरची माणसं तिथे हमखास थबकतात. "कोणतं तळणी?"

"पुलगाव सोडलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला की येतं ते."

मुंबईच्या प्रवासात आपण सगळे ते स्टेशन झोपेत पार करतो. पण २२ जानेवारी १८९८ रोजी तिथे एक वेधशाळा उभी होती. ना घुमट, ना भिंती. काम जेमतेम दोन मिनिटांचं.

पौष अमावास्या, शनिवार. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वर चढून थेट आपल्या वऱ्हाड-नागपुरावरून गेला. जानेवारीतलं आपलं कोरडं आभाळ आणि पट्ट्याला जागोजागी छेदणारे रेल्वेचे रूळ, या दोन गोष्टींसाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ पेटारे घेऊन आले. पेटाऱ्यांत भिंगं आणि काचेच्या प्लेटा. त्या बैलगाडीच्या धक्क्यांवर फार लांब नेणं कुणाला परवडणार? म्हणून छावण्या पडल्या त्या रेल्वेच्या आसऱ्याने. अपवाद विजयदुर्गाचा, तिथे नॉर्मन लॉकियर. सोलापूरकडच्या जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, आणि त्याच गावात पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला. पुलगावला न्यूऑल आणि हिल्स, मध्य प्रांतातल्या घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिर्विद कोपलंड. नायगमवालांची पुण्यातली मोठी दुर्बीण पुढे, १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर, कोडाईकनाललाच गेली. त्यामुळे कोडाईत उभं राहिलं की मला सारखं महाराष्ट्रातलंच काहीतरी आठवत राहतं.

तळणीला उतरली ती ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. ही हौशी लोकांची संस्था, १८९० मध्ये स्थापन झालेली. तिच्यासाठी सर्वांत जास्त धडपडलेले वॉल्टर माँडर तळणीला होते, एव्हरशेड होते आणि माँडरांच्या पत्नी अ‍ॅनी होत्या.

मला सांगायचं आहे ते या अ‍ॅनीबाईंबद्दल. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या या बाई १८९१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत लागल्या. पगार महिना ४ पौंड, काम आकडेमोडीचं आणि सूर्याचे फोटो काढण्याचं. १८९५ मध्ये माँडरांशी लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण विवाहित बाईला ती ठेवता येत नसे. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे दरवाजे त्यांच्यासाठी १८९२ मध्ये उघडले नव्हते. ते उघडले थेट १९१६ मध्ये. मधल्या काळात ज्या संस्थेत बायकांना पहिल्यापासून जागा होती, तिच्यासोबत त्या आपल्या वऱ्हाडात आल्या. आपल्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्यांनी एक कॅमेरा करून घेतला होता. भिंग दीड इंची, नाभीय अंतर नऊ इंच. नऊ इंच म्हणजे आपली एक वीत!

त्याच दिवशी जेऊरला कॅम्पबेलांचा ४० फुटी कॅमेरा उभा होता. त्याने सूर्याच्या कडेचे बारकावे टिपायचे होते. पण सूर्याभोवतीचं प्रभामंडळ त्याच्यापासून दूर जाता जाता इतकं फिकट होतं की लांबलचक कॅमेऱ्यात तो प्रकाश पसरून विरून जातो. आखूड कॅमेरा तोच प्रकाश प्लेटवर एकवटतो, शिवाय आभाळाचा मोठा तुकडा एका वेळी धरतो. अ‍ॅनीबाईंनी हे नेमकं हेरलं होतं. त्यांच्या प्लेटवर प्रभामंडळाचा एक किरण उमटला, सुमारे ६० लाख मैल लांबीचा. इतका लांब किरण तोवर कुणालाच टिपता आला नव्हता. शेजारीच एव्हरशेड हायड्रोजनच्या अतिनील वर्णपटाची छायाचित्रं घेत होते. एकाच छावणीत, एकाच ग्रहणात ही दोन कामं झाली, आणि त्या गावाचं नाव आपल्या मुलांना माहीत नाही याची मला मनापासून खंत आहे.

दोन मिनिटं किती लहान असतात हे मी स्वतः भोगलंय. २२ जुलै २००९ ला खग्रास बघायला आम्ही काहीजण भोपाळकडे गेलो होतो. आठवडाभर घरी सराव केला होता: गाळणी कधी काढायची, आकडे कुणी मोजायचे, शटर कुणी दाबायचं. पहाटे ढग आले आणि हलेचनात. अचानक काळोख दाटला, चिमण्या गप्प झाल्या, वर मात्र नुसता राखाडी कापूस. आकडे मोजणारा मुलगा शिस्तीत मोजतच राहिला. त्याला थांब म्हणायला कुणाचंच मन होईना.

याहून वाईट घडलं ते नेव्हिल मॅस्कलिन यांच्या बाबतीत. हे लंडनचे जादूगार. १८९८ च्याच ग्रहणाला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या बक्सरच्या तुकडीसोबत येऊन त्यांनी त्याचं चक्क चलच्चित्र घेतलं. आभाळ निरभ्र, यंत्र नीट चाललं, आणि परतीच्या प्रवासात फिल्मचा डबाच चोरीला गेला! दोन वर्षांनी अमेरिकेतल्या ग्रहणात त्यांनी पुन्हा चित्रण केलं, ते टिकलं. आपल्याकडचं गेलं ते गेलंच.

गेल्या जानेवारीत मी पॅसेंजरने तळणीला उतरलो. दुपारची वेळ मुद्दाम साधली होती. वेचणी उरकत आलेल्या पऱ्हाटीत कुठेकुठे बोंडं होती, तूर उभी होती. आभाळाकडे तोंड करून उभा असलेला पाहुणा बघून बांधावरचे एक आजोबा जवळ आले.

"काय पाहून राहिले जी?"

मी सगळं सांगितलं. ग्रहण, तंबू, विलायतेची बाई, वीतभर कॅमेरा. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "फोटो हाय का?" जुन्या पुस्तकातल्या त्या चित्राची प्रत माझ्या मोबाइलमध्ये होती. उन्हात दिसेना, तशी त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून आम्हा दोघांच्या डोक्यावर धरला. काळी गोल चकती, आणि तिच्यातून निघालेला तो लांब, फिकट पट्टा. बराच वेळ ते बघत राहिले. मग बोटाने पट्ट्याच्या टोकापर्यंत गेले.

"अन् हे अथूनच काढलं?"

"इथूनच."

त्यांनी मोबाइल माझ्या हातून घेतला आणि वेचणी करणाऱ्या बायांना हाक मारली.