दोन हृदये, एक उदर : गर्भस्पंदन वेगळे कसे करावे?

चौथ्या महिन्यात गर्भहृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणीस 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदयांची म्हणावे, असे सुश्रुताचार्य शारीरस्थानात सांगतात. या संज्ञेवरून प्राचीनांस ईसीजी ठाऊक होता असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. मात्र एका देहात दोन हृदये असल्याने उद्भवणारी अडचण आजच्या यंत्रांनाही चुकलेली नाही.

मातेच्या उदरावरून गर्भाच्या हृदयाचा विद्युत्तरंग सन १९०६ मध्ये म्युनिच येथे मॅक्स क्रेमर यांनी प्रथम नोंदविला. हा तरंग अत्यंत क्षीण असतो. उदरत्वचेवर तो साधारण १० ते ५० मायक्रोव्होल्ट एवढाच उरतो. मातेच्या हृदयाचा तरंग त्याच्या कित्येक पट मोठा असतो. त्यात स्नायूंचे तरंग, गर्भाशयाचे संकोच आणि ५० हर्ट्झ विजेची गुणगुण मिसळते. ठराविक वारंवारतेची गाळणी लावावी, तर माता व गर्भ यांच्या तरंगांच्या वारंवारता एकमेकींत गुंतलेल्या!

यावर स्टॅनफर्ड येथील बर्नार्ड विड्रो व सहकाऱ्यांनी सन १९७५ मध्ये मांडलेला उपाय मोठा मार्मिक आहे. गर्भाचा तरंग मातेच्या छातीवर जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून छातीवरील चार नोंदी निव्वळ मातेच्या समजावयाच्या आणि उदरावरील मिश्र नोंदीतून मातेचा अंश वजा करावयाचा. छातीपासून उदरापर्यंत येताना तरंगाचा आकार बदलतो, त्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही. किती व कसे वजा करावे हे गणकयंत्र प्रत्येक क्षणी स्वतः सुधारीत जाते. जे शेष राहते त्यात गर्भाचे ठोके स्पष्ट दिसू लागतात. पुढे इतरही गणिती पद्धती आल्या. तरीही साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास गर्भत्वचेवरील पांढरा स्निग्ध लेप विद्युत्‌रोधक ठरतो आणि नोंद अधिकच दुबळी होते.

आपल्यापैकी बहुतेकांकडे असते ते हातडॉप्लर. ते विद्युत्तरंग नव्हे, तर ध्वनितरंगांनी हालचाल टिपते. परंतु दोन हृदयांची गल्लत तेथेही होते. तापाने फणफणलेली आठव्या महिन्यातील एक गर्भिणी आमच्याकडे आली होती. डॉप्लरवर १३२ ठोके दिसले. गर्भाची प्राकृत मर्यादा ११० ते १६० असल्याने आम्ही निश्चिंत झालो. केवळ सवयीने मनगटावर बोटे ठेवली, तो नाडीही १३२! शोधक सरकवून पाहता १७६ ठोक्यांचे निराळे स्पंदन सापडले आणि रुग्णेस तत्काळ प्रसूतितज्ज्ञांकडे धाडले. पहिल्या आकड्यावर विसंबलो असतो, तर मातेचीच नाडी गर्भाची म्हणून नोंदली गेली असती.

तेव्हापासून एका हाती शोधक व दुसऱ्या हाती नाडी, हा आमच्या चिकित्सालयाचा नियम आहे. दोन्ही आकडे स्वतंत्र लिहावेत. काही यंत्रे मंद ठोके दुप्पट, तर अतिजलद ठोके निम्मे दाखवितात, हेही ध्यानी ठेवावे.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींकडे घरगुती डॉप्लर मागणारी दांपत्ये येतात. गर्भाची हालचाल मंदावली म्हणून कोणी ते मागत असेल, तर यंत्र विकू नये. त्याच वेळी रुग्णालयात पाठवावे.