पदकाराचे चरित्र आणि पदाचा अर्थ : ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती पदरचनेच्या निमित्ताने

भक्तिपर पदे रचणाऱ्यांची चरित्रे लिहिण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राहुरीजवळच्या ताहराबादच्या महिपतीने (१७१५–१७९०) ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत संतकवींची चरित्रे ओवीबद्ध केली. महिपतीच्या दृष्टीने अभंग हा चरित्राचा पुरावा आणि चरित्र हे अभंगाचे भाष्य. या दोहोंत त्याला अंतर दिसत नाही. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत या प्रकारच्या लेखनाला दोन वाटा फुटल्या. एक वाट जॉन ज्यूलियनच्या १८९२ मधील गीतकोशाची : पद कोणाचे, प्रथम कोठे छापले, पुढे त्यात कोणी कोणते फेरफार केले, याची शहानिशा करणारी. दुसरी वाट लोकप्रिय ‘जन्मकथे’ची : प्रत्येक पदामागे एखादी हृदयद्रावक घटना शोधणारी. अमेरिकेतील होरेशियो स्पॅफर्ड यांच्या चार मुली १८७३ साली जहाज बुडून मरण पावल्या. त्या दुःखाशी निगडित असलेल्या त्यांच्या पदाला फिलिप ब्लिस यांनी चाल दिली आणि त्या चालीला बुडालेल्या जहाजाचेच नाव पडले. येथे घटना व पद यांचा संबंध पक्का आहे. परंतु अशा एका उदाहरणाच्या बळावर प्रत्येक पदामागे एकेक बुडालेले जहाज असलेच पाहिजे, असे मानण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखात या मोहाचा विचार रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

टिळकांच्या चरित्राची रूपरेषा सर्वपरिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्म, नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती, राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय गृहस्थाची भेट व त्याच्याकडून मिळालेला ‘नवा करार’, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा, त्यानंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व राहुरी येथील वास्तव्य, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या भ्रातृसंघाची स्थापना, आणि १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस देहावसान.

ही रूपरेषा मुख्यतः दोन दालनांतून आपल्यापर्यंत येते. पहिले दालन म्हणजे जे. सी. विन्स्लो यांचे १९२३ मधील इंग्रजी चरित्र. ते इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेले असल्याने त्यातील टिळक हे ‘महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवी’ म्हणून उभे राहतात. दुसरे दालन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांचा संतापी, उदार, व्यवहारशून्य संसार घराच्या आतून दिसतो. विन्स्लोंचे टिळक पदे रचतात. लक्ष्मीबाईंचे टिळक पदे रचतात आणि घरात उद्याचे धान्य आहे की नाही याची चौकशी करावयाचे विसरतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र पदांचा अर्थ लावताना आपण कोणत्या दालनातून आलो आहोत याचे भान अभ्यासकाने राखले पाहिजे.

याचे एक उदाहरण घेऊ. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पतिपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पदांत एकाकीपणा, विरह व भेटीची आस हे भाव वारंवार येतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या विद्यार्थ्याला ती पदे साहजिकच या ताटातुटीची वाटू लागतात. हा तर्क आकर्षक असला तरी त्याच्या आड दोन गोष्टी येतात. पहिली अशी, की पदसंग्रहात पदे विषयवारीने लावली जातात. रचनेच्या क्रमाने नव्हे. तेव्हा रचनाकालाचा स्वतंत्र पुरावा हाती नसताना पद आणि घटना यांची गाठ मारणे धाडसाचे ठरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. देवाच्या विरहाने व्याकूळ झालेला भक्त ही मराठी अभंगवाणीची शतकानुशतकांची भूमिका आहे. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाची कबुली टिळकांनीच दिली होती. ज्या कवीने ही भूमिका परंपरेकडून जाणीवपूर्वक घेतली, त्याच्या विरहपदात आधी परंपरा ऐकली पाहिजे, मग संसार.

या संदर्भात नाममुद्रेचा विचार उद्बोधक ठरतो. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते, तेव्हा चरित्राला पदात शिरण्याचे एक अधिकृत दार मिळते. नामा, जनी, तुका ही नावे त्या दाराने आत येतात. टिळकांनी आपल्या अभंगांत ‘दास’ ही मुद्रा घेतली. ना नारायण, ना टिळक. ‘दास’ हे नाव कोणाही उपासकाला स्वतःचे म्हणून उच्चारता येते. म्हणजे जेथे परंपरेने कवीला स्वतःचे नाव घालण्याची मुभा दिली होती, नेमक्या तेथे टिळकांनी व्यक्ती मागे सारून नाते पुढे केले. मंडळीत शंभर कंठांनी गायिल्या जाणाऱ्या पदातील ‘मी’ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर या मुद्रेने देऊन ठेवले आहे.

आता चालीचा विचार. इंग्रजी गीतसंग्रहात पदकार व स्वरकार यांची नावे वेगळी दिलेली आढळतात. त्यामुळे तेथे स्वरकारांची चरित्रेही लिहिली गेली. मराठीत ‘चाल’ बहुधा कोणा एकाची नसते. ती कीर्तनातून, भजनातून, नाट्यपदांतून आलेली असते. मिशनरींच्या आरंभीच्या भाषांतरित गीतांपुढची अडचणही येथेच होती. ८-६-८-६ अशा अवयवांचे इंग्रजी वृत्त आघातावर उभे असते. मराठीत शब्दाघाताला तसे स्थान नाही. त्यामुळे परक्या चालीवर ऱ्हस्व अक्षरे ताणली जात, दीर्घ अक्षरे चेपली जात आणि अर्थ गाणाऱ्याच्या तोंडातच अडखळे. याउलट ६-६-६-४ अक्षरांचा मोठा अभंग किंवा ८-८ अक्षरांचा छोटा अभंग केवळ अक्षरे मोजतो आणि लघुगुरूचा भेद गाताना मिटवून टाकतो. निरक्षर मंडळीलाही तो टाळ-मृदंगाच्या साथीने एकदा ऐकून म्हणता येतो. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराणा’साठी (१६१६) ओवी निवडली, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा मार्ग धरला, आणि टिळकांनी अभंग-भजन मंडळीच्या उपासनेत रुजविले. ही निवड केवळ रुचीची नव्हती. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाने देवाशी कोणत्या लयीत बोलावे, हा प्रश्न तिच्यामागे होता.

मग पदकाराच्या चरित्राचा उपयोग काय? तो आहे, परंतु सुटे पद उलगडण्यापेक्षा रचनेमागील निर्णय उलगडण्यासाठी अधिक. ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा संघ असावा अशी टिळकांची कल्पना होती. हे ठाऊक झाले म्हणजे त्यांच्या पदांतील ‘आम्ही’चा पैस मंडळीच्या भिंतींबाहेर का जातो ते कळते. तसेच ‘ख्रिस्तायना’चे. टिळकांनी आरंभीचे अध्याय लिहिले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घातली. आणि दोघेही हयात नसताना, १९३८ साली, ते महाकाव्य प्रसिद्ध झाले. जिने संसारातील टिळकांची चूक आणि चांगुलपणा सारख्याच निर्भीडपणे नोंदविला, तिनेच त्यांचे अपुरे काव्य पुढे नेले. कोणत्याही एका पदाच्या जन्मकथेपेक्षा ही घटना त्या दोघांच्या काव्यसंबंधाविषयी अधिक सांगते.

आपल्या अभ्यासक्रमांत ‘स्मृतिचित्रे’ गद्याचा अभिजात नमुना म्हणून शिकविली जातात आणि टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. पदकार टिळक मात्र बहुधा प्रार्थनामंदिरातच राहतात. परिणामी चरित्र वर्गात आणि पदे वर्गाबाहेर, अशी विभागणी झाली आहे. ज्या पदांसाठी ते आयुष्य वेचले गेले, ती न वाचता त्या आयुष्याची गोडी तेवढी चाखणे हा टिळकांवर आणि लक्ष्मीबाईंवरही अन्याय आहे. ताहराबाद आणि राहुरी ही गावे एकाच तालुक्यातली. एका गावी संतांची चरित्रे लिहिली गेली. दुसऱ्या गावी त्याच संतांच्या छंदात नव्या उपासनेची पदे रचणारे कुटुंब राहिले. महिपतीला चरित्र आणि अभंग यांत अंतर दिसले नाही. आधुनिक अभ्यासकाला ते अंतर मानावेच लागते. मात्र ते मोजावयाचे असेल तर चरित्राइतकीच पदेही त्याच्या हाताशी असली पाहिजेत.