सवलत तुमची, सही घरमालकाची

नोकरीसाठी, बदलीमुळे किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दरवर्षी अनेक मराठी माणसे दिल्लीत येतात. कोणी राजेंद्र नगर किंवा मुखर्जी नगरला खोली घेतो, कोणी लक्ष्मी नगरला, तर कोणी कचेरी जवळ म्हणून नोएडा किंवा गुरुग्रामला. खोली पसंत पडते, भाडे ठरते आणि भाडेकराराचा विषय निघताच घरमालकाचा सूर बदलतो. ‘कागज का झंझट नहीं चाहिए’ असे म्हणून तो विषय संपवतो. कराराला कसाबसा तयार झाला, तरी पावती देत नाही, पॅन क्रमांक सांगत नाही. वेगळ्या वीजमीटरचे नाव काढले, तर दुसरा भाडेकरू शोधू लागतो.

भाडेकरूला मिळणाऱ्या बहुतेक सरकारी सवलती या कागदांवरच अवलंबून असतात. म्हणून घरमालकाच्या नकाराची किंमत तुम्हाला रुपयांत मोजता आली पाहिजे. ती मोजली की कोणत्या कागदासाठी आग्रह धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवणे सोपे जाते.

घरमालक का बिचकतो?

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९७४ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्यासाठी सरकारी मदत देण्याची योजना आहे. कुटुंबाने साधारण आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के भरायचे आणि उरलेले भाडे सरकारी यंत्रणेने थेट घरमालकाला द्यायचे. पैसे खात्रीचे असूनही तिथले अनेक घरमालक असे भाडेकरू नको म्हणतात, कारण मदतीसोबत घराची तपासणी येते, कागदपत्रे येतात आणि वाटही पाहावी लागते.

दिल्लीत घरमालकाच्या हातात सरकार पैसे देत नाही, पण अडचण तशीच आहे. सवलत तुम्हाला मिळते आणि कागदावर नाव त्याचे येते. त्याच्या मनात साधारण चार भीती असतात. भाडे उघड झाले तर आयकर भरावा लागेल. कागद हातात आला की भाडेकरू घर सोडणार नाही. परवानगी न घेता चढवलेला मजला नोंदीत येईल. आणि सबमीटरवर युनिटमागे मिळणारे चार पैसे जातील. यातल्या पहिल्या दोन भीती बऱ्याच वेळा गैरसमजातून येतात, शेवटच्या दोन खऱ्या असतात. समोरचा कशाला घाबरतो आहे हे कळले, तर बोलणी करता येतात.

सर्वांत मोठी रक्कम: वीजबिल

दिल्ली सरकारने ऑगस्ट २०१९ पासून घरगुती वीजग्राहकांना महिन्याला २०० युनिटपर्यंतचे बिल माफ केले. २०१ ते ४०० युनिट वापर असेल, तर बिलात निम्मी सवलत मिळते. तिची कमाल मर्यादा ८०० रुपये. ऑक्टोबर २०२२ पासून मात्र ती मागून घ्यावी लागते. आपोआप लागू होत नाही.

ही सवलत मीटरवर मिळते, माणसावर नाही. एका इमारतीत एकच मीटर आणि त्यावर सहा खोल्या असतील, तर सर्वांचा मिळून वापर सहज ४०० युनिटच्या वर जातो आणि सवलत कोणालाच मिळत नाही. घरमालक मग सबमीटर लावून युनिटमागे आठ, नऊ किंवा दहा रुपये घेतो. दिल्लीत पहिल्या २०० युनिटांचा मूळ दर युनिटला ३ रुपये आणि पुढच्या २०० युनिटांचा साडेचार रुपये आहे. त्यावर स्थिर आकार, अधिभार आणि कर लागतात, हे खरे. पण फरक तरीही मोठा राहतो.

यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये ‘मुख्यमंत्री किरायेदार बिजली मीटर योजना’ जाहीर झाली. भाडेकरूने ३,००० रुपये अनामत भरून स्वतःच्या नावे प्रीपेड मीटर घ्यायचा. त्यासाठी घरमालकाच्या ना हरकत पत्राची गरज नाही. भाडेकरार किंवा भाडेपावती पुरते. गाडी अडते ती इथेच. ना हरकत पत्र नको असले, तरी करारावर आणि पावतीवर सही त्याच घरमालकाची लागते.

आता हिशेब मांडू. समजा, दोघांचे कुटुंब आहे. आठ महिने वापर १५० युनिट आणि कूलर-एसीच्या चार महिन्यांत ३०० युनिट. घरमालक सबमीटरने युनिटला ९ रुपये घेतो.

सबमीटरवर: आठ महिने १,३५० रुपयांप्रमाणे १०,८०० आणि चार महिने २,७०० रुपयांप्रमाणे १०,८००. वर्षाचे २१,६०० रुपये.

स्वतःच्या मीटरवर: आठ महिने शून्य. उन्हाळ्यात ३०० युनिटांचे बिल सगळे आकार धरून १,६०० रुपये येते असे मानू. निम्म्या सवलतीने ८०० उरतात. चार महिन्यांचे ३,२०० रुपये.

फरक वर्षाला १८,४०० रुपयांचा. महिन्याला दीड हजाराहून जास्त. एवढ्या रकमेचे आवर्ती खाते पोस्टात सहज चालू शकते. तुमचा वापर आणि दर वेगळे असतील, म्हणून हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करून पाहा.

ही सवलत फक्त दिल्ली राज्यात आहे. नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात येतात, गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात. तिथे विजेचे नियम निराळे. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घराचे भाडे ताडून पाहताना वीजबिलही त्यात धरा.

घरभाडे भत्ता: आधी गरज आहे का ते पाहा

पगारदारांचे घरमालकाशी सर्वांत जास्त वाद होतात ते भाडेपावतीवरून. घरभाडे भत्त्यावर करसवलत हवी, तर भाड्याचा पुरावा लागतो आणि वर्षाचे भाडे १ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. पण ही सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.

नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने, १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना पावती नसली तरी कर शून्यच येतो. तुमचा पगार या मर्यादेत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर पॅनसाठी घरमालकाशी भांडण्यात काही हशील नाही. तो आग्रह वीजमीटरसाठी राखून ठेवा.

पगार यापेक्षा जास्त असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करा. जुन्या पद्धतीत तीन रकमांपैकी सर्वांत कमी रक्कम करमुक्त होते: मिळालेला भत्ता, मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे दिल्लीत ५० टक्के आणि नोएडा-गुरुग्रामला ४० टक्के, किंवा भरलेल्या भाड्यातून त्या बेरजेचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम. या हिशेबाने जुनी पद्धत स्वस्त पडत असेल, तरच पावती आणि पॅन तुमच्यासाठी मोलाचे.

घरमालकाला काय सांगाल?

कराची भीती आधी घ्या. समजा, घरमालक निवृत्त आहे. त्याचे निवृत्तिवेतन महिन्याला ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. तुमचे भाडे महिन्याला १५,००० रुपये, वर्षाला १ लाख ८० हजार. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के वजावट मिळते. करपात्र भाडे उरते १ लाख २६ हजार. एकूण ४ लाख ८६ हजार. नव्या पद्धतीत त्याला विवरणपत्र भरावे लागेल, पण कर एक रुपयाही लागणार नाही. दहा खोल्या प्रत्येकी १२,००० रुपयांनी दिलेल्या घरमालकाचे भाडेही वजावटीनंतर १० लाख ८ हजार भरते. दुसरे उत्पन्न नसेल, तर तोही मर्यादेच्या आत आहे. हे त्याला शांतपणे कागदावर मांडून दाखवा.

दुसरी भीती ताब्याची. तिच्यामागे इतिहास आहे. १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिले आणि जुन्या बाजारपेठांत आजही नाममात्र भाड्याची दुकाने आहेत. मुंबईत पागडीच्या घरांची जी कथा, तीच ही. हे चित्र बदलण्यासाठी संसदेने १९९५ मध्ये नवा कायदा केला, पण व्यापारी भाडेकरूंच्या विरोधामुळे तो कधी लागूच झाला नाही. मात्र १९८८ च्या दुरुस्तीनंतर महिन्याला ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या जागा जुन्या कायद्याच्या बाहेर गेल्या. आज तुम्ही घ्याल ती जवळपास प्रत्येक खोली या रकमेच्या वरची असते. मुदत आणि अटी लिहिलेला करार असेल, तर मुदत संपल्यावर घर मागताना त्याचा उपयोग घरमालकालाच जास्त होतो. तोंडी व्यवहारात नेमके काय ठरले होते, हे त्याला न्यायालयात सिद्ध करत बसावे लागते.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. दिल्लीत एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ११ महिन्यांचा करार करण्याची पद्धत पडली आहे. तेव्हा नोंदणीचा आग्रह न धरता, मुद्रांकावर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असलेला करार मागा. दिल्लीत भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे घरमालकावर बंधनकारक असते. त्यामुळे ‘कुठे नाव येऊच नये’ हा त्याचा हट्ट तसाही टिकणारा नाही.

सबमीटरचा फायदा बुडेल, ही भीती मात्र खरी आहे. तिथे उपदेश कामाचा नाही, सौदा कामाचा आहे. वरच्या उदाहरणात भाडे महिन्याला ५०० रुपयांनी वाढवून दिले, तरी वर्षाला ६,००० रुपये जातात आणि तुमच्याकडे १२,४०० रुपये उरतात. घरमालकाचेही नुकसान भरून निघते. मजला बेकायदा असल्यामुळे तो नाही म्हणत असेल, तर तुमच्या बोलण्याने तो बधणार नाही. अशा खोलीचे भाडे ठरवताना वाया जाणारी सवलत भाड्यात मिळवा आणि मगच दुसऱ्या खोलीशी तुलना करा.

दोन चुका टाळा

पहिली म्हणजे खोट्या पावत्या. घरमालक पॅन देत नाही म्हणून ओळखीच्या कोणाचा पॅन टाकून पावती तयार करू नका. पॅनवर दाखवलेले भाडे आणि त्या व्यक्तीचे विवरणपत्र जुळवून पाहणे आयकर विभागाला अवघड नाही. खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो.

दुसरी म्हणजे जाहीर झालेली मदत हातात आल्याप्रमाणे धरून चालणे. २९ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू असताना, गरीब भाडेकरूंना भाडे भरता आले नाही तर सरकार ते भरेल, असे दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितले. पैसे आले नाहीत, म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये न्यायमूर्तींनी हे आश्वासन बंधनकारक मानून सरकारला निर्णय घ्यायला सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. तोवर दीड वर्ष उलटले होते आणि घरमालक भाडे दर महिन्यालाच मागतो. म्हणून तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवा आणि सवलतीचा पैसा पहिल्यांदा मिळाल्यावरच खर्चाच्या हिशेबात घ्या.

खोली ठरवताना

हे सारे बोलणे अनामत देण्यापूर्वी करा. पैसे दिल्यावर तुमच्या शब्दाचे वजन कमी होते.

• करार, पावती, वेगळा मीटर आणि पॅन यांपैकी तुम्हाला काय हवे, ते आधी ठरवा आणि तेवढेच मागा.
• सबमीटर असेल, तर युनिटचा दर करारात लिहून घ्या आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा.
• भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख ५,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास एक रुपयाच्या महसुली तिकिटावर सही असलेली पावती घ्या.
• अनामत किती, ती कधी आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळेल, हे लिहून घ्या.
• मीटरसाठी अर्ज करताना चालू नियम आणि अनामत वीज कंपनीच्या कार्यालयात विचारा. मीटर मिळाल्यावर सवलतीचा अर्ज वेगळा भरावा लागेल का, तेही तिथेच विचारून घ्या.

दोन खोल्यांत निवड करायची असेल, तर प्रत्येकीसाठी भाडे, वर्षाचे वीजबिल आणि बुडणारी करसवलत यांची बेरीज करून बाराने भागा. ५०० रुपयांनी महाग वाटणारी, पण कागद देणारी खोली कित्येकदा स्वस्त ठरते.