कावेरीकाठची भाताची नावे

तंजावर म्हटले की मराठी अभ्यासकास सरस्वती महाल आणि मोडी दप्तर आठवते. तेथील शिवाराचा शब्दसंग्रह मात्र आपल्या अभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येतो. वस्तुतः बदलत्या हवामानाच्या खुणा त्या शब्दांतही उमटल्या आहेत.

‘कुरुवै’ हे अल्प मुदतीचे भात, ‘सांबा’ हे दीर्घ मुदतीचे. ही नावे पिकांची तशीच ऋतूंचीही होत. कुरुवैचा आरंभ मेट्टूर धरणातून १२ जूनला सुटणाऱ्या पाण्याशी निगडित असतो. २०१२ साली हे पाणी १७ सप्टेंबरला सुटले, २०१७ साली २ ऑक्टोबरला, तर २०२२ मध्ये २४ मे रोजीच. याचे सारे खापर हवामानावर फोडणे रास्त नव्हे. आंतरराज्यीय पाणीतंट्याचाही त्यात वाटा आहे. ईशान्य मोसमी पावसाचे संकट निराळे. त्यात उभा सांबाच बुडतो.

यावर शेतकऱ्यांचे एक उत्तर जुन्या बियाण्यात आहे. पूर्वी तंजावर जिल्ह्यात असलेल्या तिरुत्तुरैपूंडी येथे ‘नेल’ जयरामन (निधन २०१८) यांनी १७०हून अधिक देशी वाण जमविले. ‘नेल’ म्हणजे भात. ती त्यांची उपाधी. बियाणे-महोत्सवात दोन किलो बी न्यावे, पुढील वर्षी चार किलो परत करावे, असा दंडक. आपल्याकडील सावकारी दिढी-दुपटीचेच हे गणित. येथे ते सार्वजनिक कोठाराच्या कामी आले. या वाणांतील ‘काट्टुयानम’ म्हणजे रानहत्ती! हत्तीही दडावा इतके ते उंच वाढते आणि साचलेल्या पाण्यावर डोके काढते.

शास्त्रज्ञांनी नेमका उलट मार्ग धरला. ‘सी. आर. १००९ सब-१’ हे भात बुडाल्यावर वाढणेच थांबविते, शक्ती राखते आणि सुमारे दोन आठवडे तग धरते. नाव रुक्ष खरे. परंतु मूळ सी. आर. १००९ला तमिळनाडूत ‘पोन्मणी’, म्हणजे सुवर्णमणी, म्हणतात. देशी विरुद्ध प्रयोगशाळेतील हा वाद मला फसवा वाटतो. २००६ साली ज्या जनुकाची ओळख पटली, ते ‘एफ. आर. १३ ए’ या ओडिशातील भातातून आले, आणि ते भात तेथील शेतकऱ्यांच्या ‘धळपुटिया’ या वाणातून निवडलेले होते.