दुबईतला कॅमेरा खरंच स्वस्त पडतो का?
दुबईत व्हॅट अवघा ५ टक्के, तर आपल्याकडे कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के. त्यामुळे तिथली किंमत मोहात पाडते. पण खरा हिशेब भारतात उतरल्यावर होतो.

२०१६च्या बॅगेज नियमांचं उदाहरण घ्या. ५० हजार रुपयांपर्यंतच्या सामानाला सूट, त्यापुढच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के सीमाशुल्क. म्हणजे २ लाखांच्या कॅमेऱ्यावर ५७,७५० रुपये! पती-पत्नीची सूट एकत्र जोडता येत नाही. सरकार ही मर्यादा बदलतं, म्हणून निघण्याआधी तपासा. वॉरंटी भारतात चालेल का, हेही दुकानातच विचारा.

स्वतःचा महागडा कॅमेरा परदेशी नेताय? जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना तो जुनाच आहे, हे पटवून देत बसावं लागेल.